वहीतले चौदा हात

रविवार, ४ सप्टेंबर

चि. धाकट्या,

तुझी पाठ कशी आहे? जड दरवाजे एकट्याने उचलायचं वय आता गेलं, हे तुला सांगणारं तिकडे कोणी नसेल म्हणून मी सांगतो. सूनबाईंच्या गुडघ्याची सूज उतरली का? (तुझ्या बायकोला मी सूनबाईच म्हणणार. बारा वर्षं बोलणं नाही म्हणून नातं काही गंजत नाही.) चिमणी आता कॉलेजात असेल, तिच्या दातांची तार निघाली का? तुझ्या सासूबाईंना ऐकू कमी येतं असं उडत उडत कळलं. त्यांना म्हणावं, फार मनाला लावून घेऊ नका, ऐकण्यासारखं फारसं कोणी बोलतही नाही. आणि तुझं ते करवतीखाली आलेलं बोट थंडीत अजून ठणकतं का?

आमचं तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. माझा उजवा खांदा कानाच्या वर जात नाही, त्यामुळे मी कोणाला हात दाखवून निरोप देऊ शकत नाही, जाणाराच काय ते समजून घेतो. तुझ्या वहिनीच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. जिभेची धार आहे तेवढीच आहे.

फोन केला की तू माझा आवाज ऐकतोस आणि शांतपणे ठेवून देतोस, म्हणून पत्र. पत्र कपाटात टाकता येतं, पण मधेच तोडता येत नाही.

तर बातमी अशी की आम्ही निघालो. वर्कशॉप बंद केलं, रंधे-पटाश्या तेल लावून गुंडाळल्या, किल्ली शेजारच्या काचवाल्याकडे दिली आणि गुरुवारी सकाळी भरतीवर बोट सोडली. हो, तीच बोट. आपण शेडमध्ये नऊ वर्षं बांधली ती. तुझी वहिनी तिला ‘सवत’ म्हणते. लोकांसमोरही म्हणते. परवा धक्क्यावरच्या पेट्रोलवाल्याला म्हणाली, “सवतीला वीस लिटर द्या, ह्यांच्याकडून घ्या पैसे, मी तिला पोसत नाही.” तो बिचारा इकडेतिकडे दुसरी बाई शोधत होता.

बेत साधा आहे. किनारा डाव्या हाताला ठेवायचा आणि एका बंदरातून दुसऱ्या बंदरात, दक्षिणेकडे सरकत राहायचं. वारा असेल तेव्हा शीड, नसेल तेव्हा इंजिन, दोन्ही नसेल तेव्हा चहा. इतकी वर्षं सवतीला आपल्या नदीच्या तोंडाबाहेर फार तर दोन तास नेली असेल. आता हात-पाय चालतात तोवर नेतो.

रोज सकाळी पाणी उपसायचा तुझा नियम अजून चालू आहे. चहा झाला की तुझी वहिनी तळाचा पंप हापसते, हात मोठ्याने मोजते, आणि मी वहीत आकडा लिहितो. पहिल्या दिवशी दहा, आज अकरा. लाकडी बोट म्हटली की तेवढं झिरपणारच, हे तुला काय सांगायचं.

पुढच्या बंदरातल्या पोस्टात माझ्या नावाने पत्र टाकलंस तर मिळेल. पत्ता मागे लिहिलाय.

दादा

मंगळवार, १३ सप्टेंबर

चि. धाकट्या,

पोस्टात तीनदा विचारलं. खिडकीतल्या बाई आता मला बघितलं की लांबूनच मान हलवतात.

इथलं बंदर छोटं आहे. एक धक्का, त्याला लागून बर्फाचा कारखाना, समोर दोरांचं आणि रंगाचं दुकान. दुकानदार म्हातारा आहे, माझ्याहून म्हातारा, म्हणून मला आवडला. सवतीकडे बघून म्हणाला, “कुठल्या यार्डात बांधली?” मी म्हटलं, “यार्ड कसलं, आम्ही दोघे भाऊ दारं-खिडक्या करणारे. एक जुनं पुस्तक होतं, त्याची मधली सोळा पानं गळालेली. त्या सोळा पानांत जे होतं ते आम्ही चुकून चुकून शिकलो.” तो बराच वेळ हसला. मग बोटीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, “भावाचा हात चांगला आहे.” माझा म्हणाला नाही. असो.

तुला एक गंमत सांगतो, पण ती तुझ्यापाशीच ठेव. आठवड्याभरात वहीतला आकडा अकराचा एकोणीस झाला, मग बावीस. तुझी वहिनी बाविसाला थांबली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. तिच्या कपाळावर जी आठी पडली ती दिवसभर गेली नाही. जेवतानाही पायाखालच्या फळीकडे बघत होती. तिने या सफरीसाठी वर्षभर मनाची तयारी केली आहे; तिला पोहता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

म्हणून मी काय करतो, पहाटे ती उठायच्या आत तळाची झाकणफळी उचलतो आणि डब्याने एक बादली पाणी काढून हळूच बाहेर सोडतो. पंप लावला तर आवाज होतो, डब्याचा होत नाही. मग सकाळी तिचे चौदा हात होतात. आकडा चौदावर आला तसा तिचा चेहरा पार उजळला. काल मला म्हणाली, “सवत सुधारतेय हो. खाऱ्या पाण्यात फळ्या फुगून बसल्या असतील.” मी म्हटलं, “असंच असणार.”

यात लबाडी आहे, पण एका बादलीएवढीच. एक बादली म्हणजे पंपाचे वीस हात, मी मोजून बघितलंय.

चिमणीला आशीर्वाद. सूनबाईंना गुडघ्याला गरम पिशवी लावायला सांग, थंड नव्हे.

दादा

सोमवार, १९ सप्टेंबर

चि. धाकट्या,

सूनबाईंचं कार्ड मिळालं. “पत्रं पोचतात. इकडे सर्व ठीक.” एवढंच आहे, पण मी ते खिशात ठेवलंय. त्यांना सांग, तीन बंदरांत मिळून एवढा एकच कागद आला, तोही त्यांचा. ‘पोचतात’ म्हणजे तू वाचतोस की त्या वाचतात, हे मात्र कळत नाही. त्या वाचत असतील तर सूनबाई, हे त्याला मोठ्याने वाचून दाखवा. रंधा मारत असला तरी चालेल, कान उघडे असतात त्याचे.

शनिवारी आम्हाला समुद्राने हिसका दाखवला. सकाळी निघालो तेव्हा वारा पाठीशी होता. दुपारी तो फिरला आणि तोंडावर आला. लाटा मोठ्या नव्हत्या, आखूड होत्या, एकामागोमाग एक, आणि सवत प्रत्येकीवर आपटत होती. मी सुकाणूला. तुझी वहिनी खाली केबिनमध्ये ओट्यावर पाय वर घेऊन बसली होती. मधेच तिने वर डोकं काढलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, “अहो, माझ्या सपाता पोहतायत.”

मी वाकून बघितलं. केबिनच्या जमिनीवर घोटाभर पाणी, आणि त्यात तिच्या दोन्ही सपाता जोडीने इकडून तिकडे.

“लाट आली असेल खिडकीतून,” मी म्हटलं.

“खिडकी बंद आहे.”

“मग तू उघडली असशील मघाशी.”

दोन तास ती पंप हापसत होती आणि मी वरून तिचे हात मोजत होतो, मोजत मोजत बंदर गाठलं. वहीत त्या दिवशीचा आकडा लिहायचा नाही असं ती स्वतःच म्हणाली. “तो काही रोजचा नव्हे,” म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. फार लगेच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चौदा. त्यासाठी मला पहाटे तीन बादल्या काढाव्या लागल्या.

तुला आणखी एक सांगायचं राहिलं. हा बेत कुठवर आहे ते पहिल्या पत्रात मी लिहिलं नव्हतं. किनारा पुढे संपतो आणि मोठा उपसागर लागतो. चाळीस मैल उघडं पाणी, मधे टेकायला काही नाही. त्याच्या पलीकडे तुझं गाव आहे. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, तुझ्या वहिनीच्या डोक्यातून निघालंय. ती म्हणते, सडकेने गेलो तर तो दार उघडणार नाही, बोटीने गेलो तर बोट बघायला तरी बाहेर येईल. चिमणीसाठी तिने निळ्या लोकरीचं काहीतरी विणायला घेतलंय. मापाचा अंदाज बारा वर्षांपूर्वीचा आहे, म्हणून रोज थोडं उसवते, थोडं वाढवते.

दादा

सोमवार, २६ सप्टेंबर

चि. धाकट्या,

शेवटच्या बंदरात आलो आहोत. यानंतर उपसागर.

हे पत्र मी धक्क्यावरच्या हॉटेलात बसून लिहितोय. तुझ्या वहिनीला सांगितलंय की केस कापायला जातो. डोक्यावर कापण्यासारखं काय आहे, असं तिने विचारलं नाही. तिलाही मी जायला हवा होतो, आणि का, ते मला कालपासून ठाऊक आहे.

काल दुपारी मी बाजारात गेलो होतो. तिला म्हटलं तासाभराने येतो, पण भाजीवाला बसलाच नव्हता म्हणून अर्ध्या वाटेतून परतलो. धक्क्यावर जाळी वाळत घातलेली होती, त्यांच्या आड आलो आणि पंपाचा आवाज ऐकला. सवतीचाच पंप. त्याचा वॉशर वरच्या टोकाला शिटी घालतो, तो आवाज मी झोपेतही ओळखेन. आणि तुझ्या वहिनीचा आवाज. हळू मोजत होती. एकशे सव्वीस. एकशे सत्तावीस.

मी जाळ्यांमागे उभा राहिलो. एकशे चाळीसला ती थांबली. मग पंपाचा दांडा पुसला, ओलं फडकं पिळून आत वाळत टाकलं, केस सारखे केले आणि वर येऊन विणकाम घेऊन बसली, जणू सकाळपासून तिथेच होती.

मी परत बाजाराच्या टोकापर्यंत गेलो आणि शीळ घालत आलो. “लवकर आलात,” म्हणाली. “भाजी नव्हती,” म्हटलं. तिच्या उजव्या तळव्यावर फोड आले आहेत. विचारलं तर म्हणाली, विणण्याच्या सुया टोचतात.

समजलं का, धाकट्या? मी पहाटे तिच्या नकळत, ती दुपारी माझ्या नकळत. मी तिला भीती वाटू नये म्हणून. ती कशासाठी, ते मला बरोबर ठाऊक आहे. ही बोट म्हणजे माझं सगळं आयुष्य, तिला काही होतंय हे मला कळलं तर मी खचेन, असं तिला वाटतं. आणि सकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसून चहा पितो, पंप मारतो, आणि मी वहीत अक्षर नीट काढून ‘चौदा’ लिहितो. दोघांनाही वाटतं की आपण दुसऱ्याला वाचवलं.

मी हिशेब केला. पहाटे सहा बादल्या म्हणजे एकशे वीस. तिचे दुपारचे एकशे चाळीस. सकाळचे चौदा. पावणेतीनशे हात, आणि तेही धक्क्याला बांधलेल्या बोटीत, निवांत पाण्यात. उपसागरात शनिवारसारख्या लाटा लागल्या तर किती होतील ते मला मोजता येत नाही, आणि मोजायचंही नाही.

तरी मी तिला काही बोललो नाही. बोललो तर ती पुढचा प्रश्न विचारेल. पाणी कुठून येतं.

परवा उधाणाची ओहोटी आहे, पाणी पार तळाला जाईल. बोट भिंतीला टेकवून कोरडी करता येईल. बघतो.

दादा

गुरुवार, २९ सप्टेंबर

धाकट्या,

आज पाठ-गुडघा काही विचारत नाही. मागच्या पत्रातही ते राहूनच गेलं.

काल बोट भिंतीला टेकवली. पाणी उतरत गेलं तशी सवत हळूहळू उघडी पडली, आणि मी चिखलात उतरलो, हातात टोच्या आणि खरवडणी घेऊन. तुझी वहिनी वर धक्क्यावर उभी होती, कडेला, पदर डोक्यावर घेऊन. ऊन होतं.

मला शोधावं लागलं नाही. कण्यापासून तिसरी फळी, उजवी बाजू, डोलकाठीच्या जरा मागे. तू ठोकून दाखवली होतीस तीच. रंग खरवडला तर खालून खडू-तेलाची लांबी निघाली, आणि लांबी सुटून हातात आली तर खाली लाकूड काळं. मी टोच्या लावलाच नाही. अंगठा लावला. अंगठा नखापर्यंत आत गेला, शिळ्या पावात जातो तसा.

“काय दिसलं?” तिने वरून विचारलं.

“काही नाही. रंग उडालाय.”

“एवढंच?”

“एवढंच.”

दुपारी त्या जागेवर डांबराचं कापड आणि वर शिशाचा पत्रा ठोकला. खिळे तिनेच एकेक करून खाली दिले. दोऱ्याला बांधलेल्या डब्यात घालून सोडत होती. एकदाही म्हणाली नाही की रंग उडाला असेल तर पत्रा कशाला.

आता जे तुला माहीत आहे ते मी पहिल्यांदा लिहितो. तू तेव्हा हातोडीच्या दांड्याने एकेक फळी वाजवत गेलास आणि तिसरीपाशी थांबलास. म्हणालास, दादा, हिच्या पोटात गाठ आहे, कुजणार, बदल. मी हो म्हटलं. तू शाळेच्या बाकांच्या कामाला बाहेरगावी गेलास, तीन आठवडे. वाळलेलं लाकूड मिळायला दोन महिने लागले असते आणि बोट पाण्यात सोडायचा दिवस ठरला होता, माणसं बोलावली होती. मी पटाशीने वरची गाठ कोरली, लांबी भरली, घासली, रंग दिला. इतक्या सफाईने केलं की मीच खूश झालो. तू परत आलास, दांडा वाजवलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, दादा, ही तीच फळी आहे.

मी म्हटलं, तू जळतोस.

आणि तुझ्या वहिनीने, जिने तुला आठवीपासून डबा करून दिला, तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तुला सुनावलं की ज्याने वाढवलं त्यालाच चारचौघांत खोटं पाडतोस, तुझं तोंड दाखवू नकोस. तू हत्यारांची पेटी उचललीस. तिच्याकडे बघितलंस, माझ्याकडे नाही. ती पेटी तू खांद्यावर घेऊन फाटकाबाहेर गेलास ते मला अजून दिसतं.

बारा वर्षं त्या फळीने दगा दिला नाही. नदीचं संथ पाणी, निवांत बांधून ठेवलेली बोट. हळूहळू मला वाटायला लागलं की मी ती खरंच बदलली होती. लाकूड कुठून आणलं तेही आठवायला लागलं होतं. माणूस किती बेरकी असतो बघ, आणि तेही स्वतःशीच.

हे तिला ठाऊक नाही. आजवर कोणालाच नाही, तुझ्याशिवाय.

दादा

सोमवार, ३ ऑक्टोबर

चि. धाकट्या,

पत्र्याने दोन दिवस साथ दिली. शनिवारी पुन्हा पाणी वाढलं. पत्र्याच्या कडेने फळी चिरत चालली आहे, म्हणजे मी ठोकलेल्या खिळ्यांनीच तिला वाट करून दिली.

त्याच दिवशी बंदराचे साहेब आले. भला माणूस आहे. म्हणाले, “आजोबा, पंधरा तारखेनंतर इथे दक्षिणेची लाट शिरते. होड्या आम्ही वर ओढून घेतो. तुमची एवढी जड, ती वर येणार नाही, आणि भिंतीला राहिली तर फुटेल. चांगला वारा आहे तोवर पलीकडे निघून जा.”

तुझी वहिनी लगेच तयारीला लागली. पाण्याचे कॅन भरले, बिस्किटं, मेणबत्त्या, माझ्या खांद्याचं मलम. बुधवारी पहाटे निघायचं असं तिनेच ठरवलं. काल सकाळी सगळं सामान धक्क्यावर मांडून ती खाली देत होती आणि मी आत लावत होतो. ती खुशीत होती. निळी लोकर संपवून झाली होती. मला म्हणाली, “पोचलो की मी पहिली उतरणार. धाकट्याला म्हणणार, हे बघ भाऊजी, तुझ्या त्या वाईट फळीवर बसून म्हातारी आली एवढ्या लांब. आता चहा टाक.”

माझ्या हातात पाण्याचा कॅन होता. तो मी खाली ठेवला.

“ती फळी तीच आहे,” मी म्हटलं.

“कोणती?”

“तिसरी. त्याने दाखवलेली. मी बदलली नव्हती.”

तिला वाटलं मी थट्टा करतोय. हसत होती. मग माझं तोंड बघून हसणं तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. ती कॅनवर बसली.

“परवा काय दिसलं होतं?”

“अंगठा आत गेला.”

“आणि तुम्ही मला बुधवारी घेऊन निघाला होतात.”

मी बादल्यांचं सांगितलं. तिने एकशे चाळिसाचं सांगितलं. मी म्हटलं, मला माहीत आहे, मी जाळ्यांमागे होतो. ती म्हणाली, मलाही माहीत होतं, तुमची पहाटेची पावलं मला ऐकू येतात, पण मला वाटलं एखादी बादली असेल. सहा म्हटल्यावर तिने बोटांवर बेरीज केली आणि बेरीज पुरी झाल्यावर दोन्ही हात मांडीखाली घेतले.

धक्क्यावरून बर्फाची गाडी गेली, तिला आम्ही दोघांनी पाय मागे घेऊन वाट दिली.

“बोट बुडाली तर बुडाली,” ती म्हणाली. “मी पण बुडाले असते, ठीक आहे, आपलं वय झालंय. पण माझा दीर तुम्ही बुडवलात. त्याचा डबा भरायचे मी. आणि तुमच्या लांबीसाठी मी त्याला म्हटलं तोंड दाखवू नकोस. बारा वर्षं झोपताना मला वाटायचं, एवढा उलट्या काळजाचा कसा निघाला, एकदा आला नाही. तो कशाला येईल?”

तिने तिची पिशवी उचलली, चष्मा, औषधं आणि ती निळी लोकर घेतली आणि इथल्या धक्क्यासमोरच्या दोरांच्या दुकानावरची खोली भाड्याने घेऊन तिथे राहायला गेली. मी बोटीत एकटा राहिलो. झोप कसली लागणार. पाणी फळीखाली डुचमळतं त्याचा आवाज मी ऐकत होतो.

आज सकाळी सातला ती आली. तळव्याला फडकं बांधलेलं. पंपाजवळ बसली आणि म्हणाली, “वही काढा. आणि मी मोजते ते खरं लिहा.” तीनशे दहा झाले. मी लिहिलं. मग ती उठली आणि चार तासांनी मी बसलो, माझे शंभर. तेव्हापासून पाळी लावली आहे. जो बोटीवर नसतो तो खोलीच्या खिडकीत बसतो. ती बरोबर धक्क्यावर उघडते, बोट समोर दिसते. रागावलेली आहे, पण पाळी चुकवत नाही. “राग राग आहे, पंप पंप आहे,” म्हणाली.

बुधवारी आम्ही निघणार नाही. हे तिने ठरवलं आणि मी मान हलवली, आणि खरं सांगतो, बारा वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं, आणि इतकी भीतीही.

आता तुला काय मागायचं ते मागतो. पुढची उधाणाची ओहोटी बारा तारखेला आहे, बुधवारी सकाळी. त्या दिवशी बोट साडेपाच तास कोरडी राहील, आणि तेरालाही तेवढीच. जुनी फळी काढून नवी बसवायला दोन माणसं आणि दोन ओहोट्या लागतात. माझा खांदा वर जात नाही, तर मी एक पुरता माणूसही नाही. इथे दारं-खिडक्या करणारा एक सुतार आहे, तो म्हणाला, आजोबा, बोटीला हात लावायची माझी हिंमत नाही. बरोबरच बोलला. खोलीखालच्या दुकानदाराकडे एक वाळलेली फळी आहे, पुऱ्या लांबीची. ती मी ठोकून बघितली. मला दर वेळी वेगळा आवाज येतो. आता माझ्या कानावर माझा विश्वास नाही, आणि तुझ्या वहिनीचा माझ्यावर नाही, तेव्हा लाकूड निवडायचं काम आमच्या दोघांचं नव्हे.

सडकेने तुझ्यापासून इथवर आठ तास लागतात. मी चौकशी केली आहे.

मी माफी मागायला हवी, ती अशी पत्रात आणि त्यात पुन्हा कामही सांगायचं, हे मलाच कसंतरी वाटतं. पण तुझ्यापुढे उभा राहून मला काहीच बोलता येणार नाही. तू आलास तर मी खाली चिखलात असेन, तू वरून हत्यारं दे, एवढ्यावर सुरुवात झाली तरी मला पुष्कळ आहे. तू तेव्हा खरं बोलला होतास. हे मी आज दुकानदाराला, त्या सुताराला आणि बंदराच्या साहेबांना सांगितलंय, तिघांनाही काही संबंध नव्हता तरी ऐकून घेतलं त्यांनी.

तू येणार नसशील तर तेही मला समजेल. मग तेराला आम्ही डोलकाठी उतरवू, इंजिन काढू, उपयोगाचं ते सगळं खोलीत आणू आणि तिला भिंतीपाशी सोडू. पंधरानंतर लाट तिचं काय करायचं ते करेल. तुझ्या वहिनीने मला बजावलंय की त्या दिवशी खिडकी बंद ठेवायची. काल संध्याकाळीच धक्क्याच्या बाहेरच्या तोंडाशी पहिली मोठी लाट आपटली. साहेब म्हणाले, यंदा लवकर आली.

हे पत्र तिने वाचलंय. एक शब्द खोडला नाही. फक्त म्हणाली, “त्याला लिहा, वहिनीचं तोंड त्याला बघायचं नसेल तर मी त्या दिवशी दुकानात बसेन.” मी तसंच लिहिलं आहे.

आज संध्याकाळचे तिचे एकशे नव्वद. आता माझी पाळी आहे, ती खिडकीतून बघते आहे, मला उठायला हवं. पत्ता: धक्क्यासमोर, दोरांच्या दुकानावरची खोली. टपाल तीन दिवसांत येतं. येतोस की नाही, जे असेल ते, एका ओळीत असलं तरी चालेल, पण तुझ्या हाताने आणि लवकर लिही.

दादा